वाचकांचे प्रश्न : आजी नुसतं ‘बघू’ म्हणतात

प्रश्न : मी एमएसडब्ल्यूची (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची) विद्यार्थिनी. क्षेत्रकार्याच्या वस्तीत ७४ वर्षांच्या एक आजी आहेत. यजमान गेल्यापासून, म्हणजे वर्षभर, त्या घराबाहेर पडत नाहीत. दुसऱ्याच भेटीत मी योजना आखली : रोज भजनी मंडळ, संध्याकाळी फेरफटका. मुलगा खूश आहे. आजी ‘बघू’ म्हणतात आणि जात नाहीत. नियोजित बदलाच्या प्रक्रियेत कुठं चुकलं?

उत्तर : ‘बघू’ म्हणजे नाही. नोंदवहीत तसंच लिहा. संबंध जुळवणं, मूल्यांकन, योजना, कृती, आढावा, समारोप या क्रमातलं मूल्यांकन तुम्ही गाळलंत. ‘बाहेर पडत नाही’ ही मुलाची तक्रार झाली. आजींची अडचण अजून कुणी विचारलेलीच नाही.

पुढच्या भेटीत विचारा कमी, बघा जास्त. आजींना एवढं करायला सांगा आणि घड्याळ लावा : खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. नेहमीची काठी असेल तर हातात राहू द्या, तुम्ही शेजारी थांबा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरा. आंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठबस, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवण, या सहा गोष्टींत कुणाची मदत लागते का तेही टिपा. लघवीचं मुलासमोर कोणतीच आई बोलणार नाही, तेव्हा त्याला काही निमित्तानं बाहेर पाठवा. गोम पुष्कळदा इथंच असते : संडासपर्यंत वेळेत पोचणार नाही या भीतीनं दुपारपासून पाणी बंद, पाणी नाही म्हणून चक्कर, चक्कर येते म्हणून जिन्याची धास्ती. यावर भजनी मंडळ काय करणार? आधी डॉक्टर.

मन उदास वाटलं तर ज्येष्ठांसाठीची १५ प्रश्नांची नैराश्य-मापनी वापरा. ५ च्या वर गुण गेले तर तेही डॉक्टरांना दाखवा. ‘या वयात असं व्हायचंच’ म्हणून सोडू नका.

मग उद्दिष्ट, आजींनी स्वतः कबूल केलेलं आणि मोजता येणारं : ‘तीन आठवड्यांत, आठवड्यातून दोनदा, शेजारच्या काकूंबरोबर खालच्या ओट्यापर्यंत.’ आढावा दर आठवड्याला. दोनदा फसलं तर उद्दिष्ट लहान करा.

प्रश्न : क्षेत्रकार्य संपत आलंय. आजींना कधी सांगू?

उत्तर : शेवटच्या दिवशी नक्कीच नको. निदान तीन भेटी आधी तारीख सांगा. पुढं जी व्यक्ती येणार तिला एकदा सोबत न्या, नुसती फाइल सोपवू नका. आणि ज्येष्ठांच्या मोफत हेल्पलाइनचा क्रमांक, १४५६७, ठळक मोठ्या आकड्यांत लिहून फोनजवळच्या भिंतीवर चिकटवा.