आजोबांवर लिहायचंय ना, मग आधी त्यांचं खातं विचार

पोरी,

तुझा मेसेज वाचला, सोबतचं पानभर लिखाण पण वाचलं. वर्षश्राद्धाला आजोबांवर छोटी पुस्तिका काढायची कल्पना मस्तच आहे. पण खरं सांगू का, त्यातले प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय आणि मनमिळाऊ हे चार शब्द काढून टाक आणि मग काय उरतं ते बघ. जन्मतारीख आणि गावाचं नाव. चौकातल्या श्रद्धांजलीच्या बॅनरवर पण हेच असतं गं, सगळ्यांच्याच.

आजोबा गिरणीत होते असं लिहिलंयस. गिरणीत म्हणजे कुठल्या खात्यात? साचे खात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायला असतील तर तिथे एवढा खडखडाट की शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलायचं, धागा तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली, वर्षानुवर्षं त्यात काढली की कान जायचेच, म्हातारपणी ते टीव्ही फुल आवाजात लावायचे आणि तुम्ही पोरं हसायचात त्याचं मूळ तिथे असू शकतं. कापूस पिंजायच्या बाजूला असतील तर गोष्ट वेगळी, तिथली धूळ छातीत बसायची आणि सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी दम जास्त लागायचा. डॉक्टरी भाषेत बिसिनोसिस. आणि हो, कायम होते की बदली? बदलीवाला म्हणजे रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तरच काम, नाहीतर परत. लग्न, पोरं, गावी पाठवायचे पैसे, सगळं त्यावरच अवलंबून.

हे सांगणारी माणसं आता थोडी उरलीत. त्यांच्या गावकीच्या खोलीतले, म्हणजे एकाच गावची माणसं मिळून राहायची तिथले, कोणी असतील तर आधी त्यांना गाठ, फोन रेकॉर्डिंगला लाव आणि 'आजोबा कसे होते' असं चुकूनही विचारू नको, कारण उत्तर येणार 'देवमाणूस' आणि विषय संपला. विचार की एका खोलीत कितीजण होतात, कामाच्या पाळीप्रमाणे झोपायची जागा कशी वाटून घ्यायचात, खानावळीत न जेवलेल्या दिवसाचा खाडा कसा धरायचे, भजनाच्या डबलबारीला कोण पेटी वाजवायचं, पगाराच्या दिवशी हा माणूस आधी कुठे जायचा. पगाराचा प्रश्न विचारच. कोणी आधी मनीऑर्डर करायचं, कोणी आधी गुत्त्यावर, आणि काहीजण दोन्हीकडे. मनीऑर्डरच्या कुपनावर चार ओळींची जागा असायची, त्यातलं एखादं जरी गावच्या पेटीत सापडलं तर तुझ्या अख्ख्या पानापेक्षा भारी.

आता अवघड भाग. तू जे आजोबा पाहिलेस ते रिटायर झालेले, खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवणारे, तुला खांद्यावर घेऊन गणपती दाखवणारे. तुझ्या बाबांनी वेगळा माणूस पाहिलाय. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, मागण्या होत्या पगारवाढीच्या, बदलीवाल्यांना कायम करण्याच्या, आणि ज्या कायद्यामुळे एकाच युनियनला मान्यता मिळायची तो रद्द करण्याच्या. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही, नुसता विरत गेला. त्या वर्षात घरातली भांडी गेली, कितीतरी बायांनी पोळ्या लाटल्या, भाजी विकली, कोणी बिऱ्हाड गुंडाळून गावी गेलं. तेव्हा तुझे बाबा शाळेत होते. बाप दिवसभर घरात बसलेला, चिडलेला, गप्प. बाबा त्यांच्याबद्दल जास्त बोलत नाहीत म्हणतेस ना, ते प्रेम नाही म्हणून नसेल. दोघांच्या आठवणी एकात कालवून गोडमिट्ट करू नकोस. बाबांचे वडील वेगळ्या पानांवर येऊ देत आणि तुझे आजोबा वेगळ्या. जुळले नाहीत तरी चालेल, माझं तर म्हणणं आहे जुळूच नयेत.

आजोबा संपावर होते म्हणून त्यांना लढवय्या पण करू नको आणि बिचारा पण. मधेच लपूनछपून कामावर गेले असतील तर तेही लिही, गेलेले बरेच होते आणि घरात खाणारी तोंडं होती. आजीला मात्र वेगळं बसवून विचार, सगळ्यांसमोर ती 'आमचे हे फार चांगले होते' एवढंच म्हणेल.

कागद जपून ठेव. गिरणीतल्या हजेरीचं तिकीट, पगाराची स्लिप, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, विम्याचं कार्ड, काहीही. दोन्ही बाजूंचे फोटो काढ, पण लॅमिनेशन नको, जुना कागद त्यात खराब होतो. याच कागदांवर गिरणी कामगारांच्या म्हाडाच्या घरांसाठी वारसांची पात्रता ठरते, तेव्हा बाबांनी फॉर्म भरलाय का तेही विचारून घे, हा पुस्तिकेचा विषय नाही पण कामाचा आहे.

पहिला ड्राफ्ट मला पाठवू नकोस. आधी बाबांना दे, आणि ते वाचत असताना समोर बसू नको, बाहेर कुठेतरी जाऊन ये. त्यांनी काही खोडलं तर का खोडलं ते लगेच विचारायचं नाही. खोडलेलं पान फक्त ठेवून दे, आणि उरलेलं मला पाठव, शुद्धलेखन मी बघतो.

तुझा काका