रंगाआधी भिंत पाहणारा रंगारी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची डोंबिवलीतील सदनिका पंचवीस वर्षे जुनी असून तिला शेवटचा रंग दहा वर्षांपूर्वी दिला होता. दिवाळीआधी घर रंगवून घ्यावे म्हणून आम्ही तीन रंगाऱ्यांना बोलावले. पहिल्याने दारातच उभे राहून एक ठोक रक्कम सांगितली, दुसऱ्याने चौरस फुटाचा दर सांगितला आणि तिसऱ्याचा आकडा पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. तिघेही ओळखीतून आलेले आहेत आणि तिघांविषयीही चांगलेच बोलले जाते. घरात दोन वर्षांची नात आहे. अशा वेळी विश्वास कोणावर ठेवावा?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तिघांनी सांगितलेले आकडे तूर्त बाजूला ठेवावेत, कारण ते एकाच कामाचे आकडे नाहीत. जुन्या रंगावर थोडी डागडुजी करून दोन हात मारायचे, असे पहिल्याच्या मनात असेल; तिसऱ्याने कदाचित सगळा सुटलेला रंग खरवडून, पुट्टीचे दोन थर, घासाई, प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा थर) आणि त्यानंतर दोन हात, असा हिशेब धरला असेल. रंगकामाचा खर्च आणि त्याचे आयुष्य ही दोन्ही रंगाच्या खाली झालेल्या कामावर ठरतात, आणि नेमके तेच काम चार दिवसांनी डोळ्यांना दिसेनासे होते. म्हणून रंगारी भरवशाचा आहे की नाही, हे शेड कार्ड दाखवण्याच्या त्याच्या हातोटीवरून नव्हे, तर घरात आल्यावर पहिली दहा मिनिटे तो काय करतो यावरून बऱ्याच अंशी कळते.

जाणता रंगारी आधी भिंतीला हात लावतो. तळहात फिरवून पांढरी भुकटी लागते का ते पाहतो, ठोकून पोकळ वाजणारा गिलावा शोधतो, न्हाणीघराच्या पाठची भिंत, खिडकीखालचा भाग आणि छताचे कोपरे न सांगता तपासतो. आधीचा रंग डिस्टेंपर (पाण्यात कालवायचा स्वस्तातला रंग) होता की इमल्शन (धुता येणारा प्लास्टिक रंग), हेही तो विचारतो, कारण भुकटी सुटलेल्या डिस्टेंपरवर तो न खरवडता लावलेले इमल्शन फार काळ टिकत नाही. आपल्या घरात कुठे ओल असेल आणि ती पाहून एखादा रंगारी म्हणाला की, ‘ही गळती थांबवा, भिंत सुकू द्या, मग मला बोलवा’, तर माझ्या मते त्याच्या प्रामाणिकपणाचा याहून मोठा दाखला दुसरा नाही. हातात आलेले काम तो स्वतः पुढे ढकलतो आहे. याउलट ‘वॉटरप्रूफ पुट्टी मारू, काही होत नाही’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. ओल बाहेरच्या भेगेतून किंवा वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून येत असेल, तर आतून लावलेली कोणतीही पुट्टी ती थांबवत नाही. पाणी दुसरीकडून वाट काढते आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे निघतात. शंका असल्यास एक साधी परीक्षा घरीच करता येते. फूटभर चौकोनी प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बंद करावा आणि 24 तासांनी काढावा. आतल्या बाजूला थेंब जमलेले असतील किंवा त्याखालची भिंत गडद दिसत असेल, तर ती भिंत अजून रंगासाठी तयार नाही.

या तिघांची पूर्वीची कामे आपण पाहिलीच असतील. पण नुकतेच रंगवलेले घर कोणाचेही सुंदर दिसते. ज्या घराने रंग दिल्यानंतर निदान दोन पावसाळे काढले आहेत, असे घर दाखवायला सांगावे. तेथील मंडळींना ‘काम चांगले आहे का?’ असे विचारून उपयोग नाही, कारण संकोचापोटी माणसे होच म्हणतात. ठरलेल्या रकमेत काम पुरे झाले का, जो बोलणी करायला आला तोच कामावर उभा राहत होता की रोज नवे चेहरे येत होते, आणि नंतर तक्रार केल्यावर तो परत आला का, हे विचारावे. यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे. ओळखपत्राची चौकशीही जरूर करावी. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे रंगकाम करणाऱ्यांची नोंदणी होते, आणि आयटीआयमध्ये पेंटरचा अभ्यासक्रमही आहे. परंतु मंडळाच्या कार्डावरून माणसाची ओळख पटते, हाताची कसबीगिरी नव्हे. आणि उत्तम रंगाऱ्यांपैकी पुष्कळ जण आयटीआयची पायरी न चढताच उस्तादाच्या हाताखाली तयार झालेले असतात.

आता आकड्यांकडे येऊ. तिघांनाही एकच काम लिहून द्यावे आणि त्यावर दर मागावा. कोणत्या खोलीत पूर्ण खरवडायचे व कोठे फक्त सुटलेला भाग काढायचा, पुट्टी सिमेंटची की अॅक्रिलिक आणि तिचे थर किती, प्रायमर कोणता, रंगाचे कंपनीसह नेमके नाव काय, हात किती, दारे, खिडक्या व ग्रिल त्यात धरली आहेत का, सामान झाकणे आणि शेवटची साफसफाई कोणाकडे, एवढे कागदावर आले की दुपटीच्या फरकातील बरेचसे कोडे आपोआप उलगडते. केवळ ‘चांगला रंग’ किंवा ‘रॉयलसारखा’ असे शब्द लिहून घेऊ नयेत. मोजमापही आपल्यासमोर टेपने व्हावे. दहा बाय बाराची, नऊ फूट उंचीची खोली घेतली, तर चार भिंती मिळून 396 चौरस फूट आणि छत 120 चौरस फूट होते. सात बाय तीनचे एक दार आणि चार बाय चारची एक खिडकी वजा केली, तर 37 चौरस फूट कमी होतात. ती वजा करायची की कडा-कोपऱ्यांच्या मेहनतीपोटी सोडून द्यायची, हा रिवाजाचा प्रश्न आहे आणि दोन्ही पद्धती चालतात. मात्र ते आधी ठरलेले असावे. रंगवायचे क्षेत्र कार्पेट एरियाच्या (घरातील प्रत्यक्ष वापराच्या जमिनीच्या) साडेतीनपट धरण्याचा ढोबळ नियम अंदाजापुरता ठीक आहे, बिलासाठी नाही. काम अंगावर, म्हणजे ठोक रकमेत, देणार असाल, तर हा लेखी तपशील अधिकच आवश्यक ठरतो, कारण ठोक रकमेत लवकर उरकण्यातच रंगाऱ्याचा फायदा असतो. रोजावर दिले तर उलट लांबवण्यात असतो. त्यामुळे आपल्यासारख्या कुटुंबाने चौरस फुटाचा दर आणि लिहिलेले टप्पे यांवरच काम द्यावे, असे मी सुचवीन.

नातीविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम केंद्र सरकारने 2016 मध्ये केला आणि तो नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. आपली दारे, ग्रिल आणि खिडक्यांच्या चौकटी यांवरचा मूळचा ऑइलपेंट त्याच्या पुष्कळ आधीचा असणार, म्हणून त्यात शिसे आहे असे समजूनच वागावे. तो कोरडा घासू देऊ नये. पाणी लावून, वॉटर पेपरने घासावा. लहान मूल आणि घरात कोणी गर्भवती असल्यास त्या, खरवडण्याचे दिवस संपून ओल्या फडक्याने सगळी धूळ पुसली जाईपर्यंत दुसरीकडे राहाव्यात. ही अट ऐकून ‘आम्ही आजवर असे कधी केले नाही’ असे हसण्यावारी नेणारा रंगारी बाकी कितीही कुशल असला, तरी आपल्या घरासाठी योग्य नव्हे.

दिवाळीचा आग्रह मात्र शक्य असल्यास सोडावा. दसरा ते दिवाळी या दिवसांत चांगल्या रंगाऱ्याकडेही तीन-तीन घरे एकाच वेळी चालू असतात, पुट्टी नीट सुकण्याआधीच तिच्यावर प्रायमर चढतो आणि पावसाळ्यात भिजलेल्या बाहेरच्या भिंती अजून पुरत्या सुकलेल्या नसतात. जानेवारी-फेब्रुवारीत हेच काम तोच माणूस अधिक निवांतपणे करून देईल.

प्रश्न : आमच्या रंगाऱ्याने निम्मी रक्कम आगाऊ मागितली आहे आणि रंग आपणच आणू, तुम्ही दुकानात येण्याची गरज नाही, असे तो म्हणतो. माणूस शेजारच्या गावचा आणि माहितीतला आहे. असे करणे योग्य ठरेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : उचल मागितली म्हणून त्याला लबाड समजू नये. हाताखालच्या माणसांना आठवड्याची मजुरी द्यावी लागते आणि छोट्या रंगाऱ्यापाशी पडून असलेले भांडवल नसते. परंतु मालाचे पैसे आपण थेट दुकानदाराला देणार असाल, तर निम्म्या उचलीचे कारणच उरत नाही. सुरुवातीला थोडी रक्कम, पुट्टी आणि घासाई पाहून झाल्यावर एक हप्ता, पहिला हात झाल्यावर दुसरा आणि बाकी काम संपल्यावर, असा क्रम ठेवावा; शेवटचा हप्ता इतका असावा की तो घेण्यासाठी माणूस राहिलेले डाग काढायला परत येईल. पुट्टीचा टप्पा तपासताना रात्री दिवे मालवून विजेरी भिंतीला चिकटवून धरावी. तिरप्या उजेडात उंचवटे, पुट्टी लावण्याच्या पत्र्याच्या रेघा आणि घासाईत राहून गेलेल्या जागा स्पष्ट दिसतात. हे रंग लागण्याआधीच करावे, नंतर दाखवून उपयोग नाही.

रंग आणण्याचा आग्रह जरा समजून घ्यावा. रंगाच्या डब्यांमध्ये रंगाऱ्यांसाठी टोकन किंवा स्कॅन करायचा कोड असतो, आणि दुकानदारही गिऱ्हाईक आणल्याबद्दल काही देतो, हे या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. यात गैर असे काही नाही. त्याच्या मिळकतीचा तो भाग आहे आणि आपण स्वतः डबे आणले तरी टोकन त्याला द्यावे, असे मला वाटते. अडचण तेव्हा होते, जेव्हा टोकनाच्या मोहाने गरजेपेक्षा जास्त डबे येतात, किंवा बिल एका रंगाचे होऊन भिंतीवर त्याच्याहून हलका रंग जातो. म्हणून रंगाऱ्याला बरोबर घेऊनच दुकानात जावे, पक्के बिल आपल्या नावावर घ्यावे आणि डबे आपल्या घरी, आपल्यासमोर उघडावेत. यंत्रावर मिसळलेल्या डब्यावर शेडचा क्रमांक असतो, तो लिहून ठेवावा. दोन वर्षांनी एखादा डाग झाकायचा असेल तेव्हा तो उपयोगी पडेल. गुळगुळीत भिंतीवर चांगल्या प्रतीचे इमल्शन दोन हातांत लिटरला साधारण 120 ते 140 चौरस फूट जाते, त्यामुळे वर सांगितल्यासारख्या खोलीच्या भिंतींना तीन लिटरच्या आसपास पुरतात. याच्या निम्म्यातच काम उरकले, तर पाणी जास्त झाले आहे. दुप्पट लागले, तर भिंत शोषून घेते आहे, म्हणजे प्रायमर टाळला गेला असण्याचा संभव आहे. पाणी किती घालायचे ते डब्यावर छापलेले असते आणि ते वाचून दाखवायला लाजू नये.

रंगारी 18 टक्के जीएसटी लावतो असे म्हणत असेल, तर नोंदणी क्रमांक असलेले बिल मागावे. ज्याची नोंदणी नाही त्याला हा कर घेता येत नाही, आणि केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे त्याला नोंदणीची सक्तीही नसते. जांभ्याच्या भिंती असल्या तर आणखी एक गोष्ट : हा दगड पाणी धरून ठेवतो, त्यामुळे कोकणात तरी एप्रिलआधी हे काम हाती घेऊ नये, उन्हाने भिंत तापू द्यावी.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी घर रंगवून घेतले. दिवाणखान्याच्या दोन भिंतींना आताच पोपडे आले आहेत. रंगारी फोन उचलत नाही. काही करता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी दोष कोणाचा हे पोपड्यावरूनच पाहावे. पोपडा हलकेच काढून त्याची मागची बाजू बघावी. तिथे कोरडी पांढरी भुकटी असेल, तर धूळ न पुसता किंवा प्रायमर न लावता रंग दिला गेला असण्याची दाट शक्यता आहे. पुट्टीसकट थर सुटून खालचा जुना गुळगुळीत रंग दिसत असेल, तर तो खरवडलेलाच नव्हता. मात्र खालचा गिलावा ओलसर असेल आणि त्यावर मिठासारखा लोणा आलेला असेल, तर दोष पाण्याचा आहे, आणि गळतीची कल्पना रंगाऱ्याला असूनही त्याने ती लपवली असेल तरच त्याला जबाबदार धरता येईल.

पहिल्या दोन प्रकारांत भिंतीची छायाचित्रे काढून, झालेले पैसे आणि ठरलेले काम नमूद करून त्याला लेखी कळवावे आणि दुरुस्तीसाठी मुदत द्यावी. व्हॉट्सअॅपवरचा संदेशही पुराव्यात धरता येतो. तरीही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानंतरचा मार्ग म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला देऊन घेतलेली सेवा म्हणून रंगकाम या कायद्यात बसते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही, वकील न लावता आपण स्वतःही बाजू मांडू शकता आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. रोख दिलेल्या पैशांपेक्षा यूपीआयने दिलेले पैसे सिद्ध करणे सोपे जाते, एवढे पुढच्या वेळी लक्षात ठेवावे. आणि तोवर दुसऱ्या रंगाऱ्याकडून त्या भिंती दुरुस्त करून घेण्याची घाई करू नये. घ्यावीच लागली, तर छायाचित्रांबरोबर आधी त्या दुसऱ्या रंगाऱ्याकडूनच भिंतीच्या स्थितीविषयी सही केलेल्या दोन ओळी लिहून घ्याव्यात.