जाहिरातीत पगार लिही बेटा

प्रिय बेटा,

तुझा मेसेज पाहिला, तुमच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या कारखान्याच्या, नोकरीच्या जाहिरातीचा फोटोही पाहिला. चार जागा, महिना झाला, तीन पोट्टे आले अन् त्यातला एक चुकून आला, त्याला बाजूच्या डाळमिलमध्ये जायचं होतं. आता तू लिहितेस की काका, इकडच्या पोरांना कामच करायचं नाही. असं नको म्हणू बाई. मीही जिनिंगवर वीस वर्षं हेच म्हणत होतो, अन् त्यातली पंधरा वर्षं तरी चूक माझीच होती.

तू काय लिहिलंस ते एकदा परत वाच. 'नामांकित जिनिंग-प्रेसिंगला फिटर, ग्रेडर, काट्यावर एक अन् अकाउंटला एक पाहिजे. उमेदवार होतकरू व मेहनती असावा. पगार योग्यतेनुसार.' यात समोरच्याला कळलं काय? योग्यतेनुसार म्हणजे कमी, हे आपल्याकडे शेंबडं पोरगंही सांगते. अन् होतकरू-मेहनती म्हणजे रविवारीही या.

एक गोष्ट मला फार उशिरा समजली, ती ही की नोकरी पाहायला पोरगा एकटा येतो पण ठरवते अख्खं घर. फोन ठेवला की बाप विचारतो, "किती देतेत बे?" माय विचारते, "राती घरी येशीन का तिकडंच रायशीन?" अन् लग्नाचा असला तर मामा बाजूला नेऊन विचारतो, "कायम हाय का?", कारण पोरीवाले पहिले तेच विचारतात. त्यानं घरी काय सांगायचं ते तुझ्या जाहिरातीतच सापडलं पाहिजे. नाही सापडलं तर तो म्हणतो "पाहू", अन् पाहू म्हणजे काय ते तुला माहीतच आहे.

तर आकडा लिही. १४ हजार तर १४ हजार. पीएफ कापता न तुम्ही? मग तेही लिही, १२ टक्के त्याचे अन् तेवढेच कंपनीचे, हे निम्म्या पोरांना माहीत नसते, त्यांना वाटते पैसे कापले म्हणजे गेले. पुण्यापेक्षा पगार कमी आहे म्हणून लाजू नको. समज चाकणला त्याला १८ भेटतात, त्यात कॉटचं भाडं ३, मेसचे ३, सणाला ट्रॅव्हल्सवाला तिकीट वाढवून बसलेलाच असतो, राहिलं किती? पण हे गणित तू त्याला समजावत बसू नको, तो चाकणहूनच आलेला असतो, त्याला तुझ्यापेक्षा पाठ आहे. तू १४ लिही, तो बरोबर वजाबाकी करते.

आता आपल्या धंद्याचं खरं दुखणं. सिझन. दसऱ्याला कापूस मोजायचा काटा पुजला की फाल्गुनापर्यंत गाडी जोरात, अन् मग कापूस आटला की पोरं घरी. हे लपवून पोरगा घेतला तर तो होळीला तुला शिव्या देत जाते, अन् पुढच्या दसऱ्याला त्याचा भाऊही येत नाही. म्हणून काट्यावरचं काम सहा महिन्यांचं असेल तर सहा महिनेच लिही, सोयाबीन निघाल्यावर मोकळे झालेले पोरं त्यालाही येतात, त्यांना मृगाला शेतावर जायचंच असते.

फिटरचं मात्र वेगळं. त्याला बारा महिने ठेव, मालकाशी भांड पण ठेव. कापसातून रुई ओढणाऱ्या डीआर (डबल रोलर) मशीनच्या चामड्याच्या रोलरला वेळेवर खाचा पाडल्या नाही तर रुई ओढणं कमी होते, हे तू आता पाहिलंच असशील, अन् ऐन डिसेंबरात फिटर नसला तर बाहेर कापसाच्या गाड्यांची लाइन अन् आत मशीन झाकून. मालकाजवळ पगाराची भाषा बोलू नको, गाठींची बोल. १७० किलोची एक गाठ धर, दिवसाला किती गाठी कमी पडल्या ते कागदावर मांड अन् कागद टेबलावर ठेवून चहा पी. उन्हाळ्यात त्या फिटरला काम काय? सगळ्या मशिनी खोलणं, बेअरिंग, शाफ्ट, पट्टे. फक्त ४५ डिग्रीत टिनाच्या शेडखाली माणूस कामाला लावतेस तर कूलर दे, अन् देशील तर जाहिरातीतही लिही. हसू नको, कूलरवर माणसं टिकलेली पाहिली मी.

एक माझी लाज सांगतो. दिवाळीच्या तोंडावर घाटंजीकडचा एक पोरगा बोलावला होता, आयटीआय झालेला, दहाची वेळ दिली. पहिल्या गाडीनं निघून बिचारा पावणेदहालाच आला. माझ्याकडं गाड्या खाली होत होत्या, म्हटलं "बस जरा". खुर्ची नव्हती, सरकीच्या पोत्यावर बसला. पाण्याचा कॅम्पर रिकामा. पांढरं शर्ट घातलं होतं, इस्त्रीची घडी दिसत होती बाहीवर, दुपारपर्यंत पूर्ण रुई चिकटली त्याला. दोन वाजता मी जेवून बाहेर आलो तर पोतं रिकामं. चौकीदार म्हणे, "सायबाले सांगजा म्हणे, गाडी पकडा लागते." मी फोन केला, उचलला नाही. त्यानंतर कित्येक वर्षं त्या गावाहून एक अर्ज नाही आला, कारण गावात पार एकच असतो अन् संध्याकाळी सगळे तिथंच बसतात.

म्हणून ज्याला बोलावलं त्याला वेळ दे, बसायला खुर्ची दे, पाणी-चहा दे, अन् त्याला घ्यायचं नसेल तर दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर तसं सांग. बस एवढंच. ज्याला घेतलं त्याला लेटरहेडवर पत्र दे, पगार, कामाची वेळ, सुट्टी सगळं टाकून. पत्र खिशात असलं की मामाला तोंडी सांगावं लागत नाही.

अकाउंटला पोरी का येत नाहीत विचारलंस. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तालुक्याहून येणं परवडते, अडते परत जाण्यावर. सहाची गाडी चुकली की पुढची नाही. तू साडेपाचला सोडशील हे जाहिरातीत लिही, अन् लिहिलं तर पाळ, स्टॉक जुळो न जुळो. अन् आज जाऊन बायकांच्या संडासाची कडी पाहून ये. आमच्याकडं तीन वर्षं सुतळी बांधलेली होती, माझ्या ध्यानातही नाही आलं, कारण मला तिकडं जावंच लागत नव्हतं.

पोळा अन् पाऊस झाला भोळा, म्हणजे दसऱ्याला आता वेळ नाही. पण घाबरू नको, महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, जेवणाला पुण्याचे पोट्टे गावी येतात. त्याच आठवड्यात जाहिरात काढ, आंबील पिऊन पारावर बसलेला माणूस परत जायचं तिकीट काढायच्या आधी जरा इकडं-तिकडं पाहते.

नवीन मजकूर लिहिलास की छापायच्या आधी आईला वाचून दाखव, मध्ये काही समजावून सांगू नको. ती जे जे विचारीन ते लिहून घे अन् मला पाठव.

तुझा काका