भिंतीवरची आणि कपाटातली बुरशी केमिकल न वापरता कशी घालवावी?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमचीच बेडरूम डोळ्यांपुढे आली. पश्चिमेची भिंत, जुलै लागला की खिडकीच्या बाजूला काळे-हिरवे ठिपके, कपाट उघडलं की कुबट वास. त्यात तुमच्याकडे आठ महिन्यांचं बाळ, म्हणून ब्लीच वगैरे नको. तुम्ही ठाण्यात, मी रत्नागिरीत, पण पाऊस तोच. नैर्ऋत्येकडून येतो आणि पश्चिमेच्या भिंतीलाच झोडपतो.

आधी माझा शहाणपणा सांगते. तीन पावसाळे मी ती भिंत व्हिनेगरने पुसत होते. पुसली की लख्ख, पंधरा दिवसांनी ठिपके परत त्याच जागी. शेवटी शेजारचे काका, जन्म बांधकामाच्या साइटवर गेलेला माणूस, वैतागून म्हणाले, "अगं, बुरशी काय पुसत बसलीस? पाणी कुठून येतंय ते बघ."

त्यांनीच फॉइलची युक्ती सांगितली. पोळ्या गुंडाळायचं फॉइल घ्यायचं, वहीच्या पानाएवढा तुकडा ओलीच्या जागी ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या. (भिंत आधी कापडाने कोरडी टिपून घ्या, नाहीतर पट्टी धरत नाही.) दोन दिवसांनी बघायचं. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव धरलं असेल तर घरातल्याच हवेतलं पाणी गार भिंतीवर जमतंय. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. आमच्या फॉइलची भिंतीकडची बाजू ठिबकत होती.

आणि पाणी येत कुठून होतं? तर एसीच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकातून. मेकॅनिकने भोक पाडलं ते आतल्या बाजूला उताराचं, आणि बाहेरून नुसता पुट्टीचा गोळा थापला. दोन उन्हाळ्यांत पुट्टी तडकली. पाऊस पाइपवरून ओघळत थेट भिंतीत शिरायचा आणि दोन हात खाली, खिडकीच्या कडेला फुटायचा. तिथे मी व्हिनेगर मारत होते! भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला करून घेतला, सिलिकॉन सीलंट भरलं, आणि पाइप भोकात शिरण्याआधी खाली वाकवून घेतला, म्हणजे थेंब त्या वाकणावरून खाली गळून जातो. एका दुपारचं काम. त्या जागी पुन्हा ठिपका आलेला नाही.

तुमच्याकडे भोक नसेल, छज्ज्याची भेग असेल किंवा वरच्या मजल्याच्या बाथरूमचा न्हाणी ट्रॅप गळत असेल. एक ओळखायची खूण सांगते: पाऊस थांबून आठवडा झाला तरी ओल तेवढीच राहिली तर पाण्याची लाइन किंवा वरचं बाथरूम, पावसाबरोबर कमी-जास्त होत असेल तर बाहेरची भिंत. अशा भिंतीला आतून महागडा वॉटरप्रूफ रंग देऊ नका. पाणी मागे कोंडतं आणि वर्षभरात रंगाचे पोपडे निघतात.

आणखी एक. पांढरी, पिठासारखी भुकटी दिसली तर ती बुरशी असेलच असं नाही, लोणाही असू शकतो. पाण्याचा फवारा मारा. लोणा म्हणजे क्षार, तो विरघळून जातो. बुरशी तिथेच राहते.

आता पुसण्याबद्दल. बाळाला दुसऱ्या खोलीत न्या, दार लावा, खिडकी उघडा, पंखा बंद ठेवा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. कोरड्या ब्रशने किंवा झाडूने कधीच घासू नका, बुरशीचे बीजाणू खोलीभर उडतात. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर, ४-५ टक्क्यांचं, पाणी न घालता फवारा आणि तासभर तसंच ठेवा. मग ओल्या कापडाने पुसा, कापड टाकून द्या, भिंत कोरडी करा. वास दुसऱ्या दिवशी जातो. व्हिनेगरने सगळ्याच जातींची बुरशी मरत नाही, पण घरातल्या बऱ्याचशा जातींवर चालतं. संगमरवरावर, कडाप्प्यावर मात्र नको, दगडाची झिलई जाते.

नेटवर सगळीकडे व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून लावायला सांगतात. फेस छान येतो, म्हणून माणसाला वाटतं काहीतरी होतंय. प्रत्यक्षात एक आम्ल, एक अल्कली, दोघं एकमेकांना मारतात. सोडा हवाच असेल तर वेगळा, वास घालवायला. आणि व्हिनेगर नि ब्लीच चुकूनही एकत्र आणू नका, क्लोरीन वायू तयार होतो. आज घरात ब्लीच नको म्हणताय, पण बाथरूम धुणाऱ्या मावशींच्या बादलीत काय असतं तेही बघा.

खरा आपल्याकडचा उपाय म्हणाल तर चुना. गावच्या घराच्या चिऱ्याच्या भिंतींना दरवर्षी दिवाळीआधी चुना मारायचे तो काही नुसता पांढरेपणासाठी नव्हता. ओल्या चुन्याचा सामू (पीएच) १२च्या वर, म्हणजे चांगलाच अल्कली असतो, त्यात बुरशी तग धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू तो जोर उतरतो, म्हणून दरवर्षी नवा हात. पावसाआधी बाहेरून चुडतांची, म्हणजे नारळाच्या झावळ्यांची झापं बांधायचे, म्हणजे झोडप भिंतीवर यायचीच नाही. पण फ्लॅटमधल्या प्लास्टिक पेंटवर चुना धरत नाही. रंग खरवडून प्लास्टरपर्यंत जायची तयारी असेल तरच, आणि पाणी बंद झाल्यावर, पावसाळा संपल्यावर. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका.

कपाटाचं दुखणं वेगळं. तिथे हवा कोंडते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. कडुनिंबाचा पाला, कापूर, लवंगा, डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी ठीक, ओलीवर त्यांचा काही उपयोग नाही. वाटीत जाडं मीठ ठेवायचा सल्लाही मिळेल. मीठ पाणी ओढतं ते हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर असेल तेव्हाच, आणि बुरशीला रोखायला ती ६०च्या खाली हवी. म्हणजे वाटी पाण्याने भरते आणि साडीला तरीही डाग पडतो. कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात ते खरंच काम करतात. फक्त त्यात साठलेलं पाणी बाळाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा.

माझ्या आईच्या पैठणीच्या पदराला असाच डाग पडला होता. त्यावर व्हिनेगर नाही, इस्त्री तर नाहीच. बाहेर सावलीत पसरली, वाळल्यावर मऊ ब्रशने हलकेच झटकली आणि ड्राय क्लीनिंगला दिली. आता मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवते, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. बुरशी लागलेली कापसाची गादी, उशी मात्र वाचवत बसू नका. आत मुरलेलं निघत नाही.

खिडक्या दिवसभर उघड्या ठेवायचा सल्ला जुलैत उलटा पडतो. बाहेरच आर्द्रता ८५-९०, तीच आत येते. उघडीप मिळाली, ऊन पडलं की समोरासमोरच्या खिडक्या उघडा, एरवी एसी असेल तर ड्राय मोडवर दोन-तीन तास. दुपटी बेडरूममध्ये वाळत घालत असाल (आठ महिन्यांचं बाळ म्हणजे घालत असणारच) तर दोरी आजच दुसरीकडे हलवा, पंखा आणि एक्झॉस्ट असेल तिथे. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र फार महाग नसतं, एक घेऊन ठेवा.

डाग दहा चौरस फुटांहून मोठा असेल तर स्वतः हात घालू नका, माणूस बोलवा. बाळाला खोकला किंवा घरघर असेल तर भिंत राहू दे, आधी डॉक्टर.

तोवर पाळणा त्या भिंतीपासून लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत हलवा आणि आज रात्रीच फॉइल लावा. परवा कुठली बाजू ओली निघाली ते खाली लिहा, म्हणजे पाणी कुठे शोधायचं ते सांगता येईल.