नाण्यावर छापा आणि फाशावर 6 एकदम पडण्याची संभाव्यता: 1/2 आणि 1/6 मिळवायचे की गुणायचे, आणि का?

गुणायचे. पण 'का' हे तुम्ही विचारलंत, ते फार बरं केलंत. इथे सोलापुरात दहावीच्या मुलांना शिकवताना मी या 'का'पाशीच जास्त वेळ थांबतो.

बेरीज केली तर 2/3 येतात. नुसता छापा पडण्याची संभाव्यता 1/2 आहे. छापाही हवा आणि शिवाय 6 पण हवा, अशी अट वाढवल्यावर ती वाढेल कशी? कमीच व्हायला हवी. समजा, नाणं आणि फासा 120 वेळा टाकले. साधारण 60 वेळा छापा पडेल. त्या 60 पैकी सहावा हिस्सा, म्हणजे 10 वेळा, फाशावर 6 असेल. 120 पैकी 10 म्हणजे 1/12. निम्म्याचा सहावा भाग काढला, तोच गुणाकार.

यात एक गोष्ट आपण धरून चाललो: छापा पडलेल्या 60 वेळांतही 6 चं प्रमाण 1/6 च राहिलं. नाण्यावर काय पडलं याचा फाशावर काही परिणाम होत नाही, म्हणून या घटना स्वतंत्र. हे आधी तपासायचं, मगच गुणायचं. मे महिन्यात सोलापुरात आज पारा 42 च्या वर गेला, तर उद्याही जाण्याची शक्यता एरवीपेक्षा बरीच जास्त असते. तिथे दोन दिवसांच्या संभाव्यता सरळ गुणल्या तर उत्तर चुकणार.

आता 'किमान एकदा'. फासा चार वेळा टाकून किमान एकदा 6 हवा असेल, तर बरेच जण 1/6 चार वेळा मिळवून 4/6 लिहितात. मग सहा वेळा टाकल्यावर 6 हमखास यायलाच हवा, पण तसं होत नाही. उलट बाजूने जा. एका वेळी 6 न येण्याची संभाव्यता 5/6, चारही वेळा न येण्याची 625/1296. ती 1 मधून वजा केली की 671/1296, म्हणजे सुमारे 51.8 टक्के.

दोन फासे 24 वेळा टाकून किमान एकदा दोन्हींवर 6 येतील का, हा प्रश्न फ्रान्समधले लेखक शेव्हालिए द मेरे यांनी गणितज्ञ पास्कल यांच्यापुढे ठेवला होता; पास्कल आणि दुसरे गणितज्ञ फर्मा यांच्या 1654 च्या पत्रव्यवहारात तो आहे. रीत तीच: 35/36 चा 24 वा घात 1 मधून वजा करा. उत्तर सुमारे 49.1 टक्के येतं, निम्म्याहून थोडं कमी.