गाडी फाटकाबाहेर का लावता?

पत्र : ताई, मी ४४ वर्षांचा, तालुक्याच्या गावी पतसंस्थेत वसुलीचं काम करतो. २२ दिवस झाले, दारूला शिवलेलो नाही. डॉक्टरांनी ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला जायला सांगितलंय. दर गुरुवारी संध्याकाळी ती शाळेच्या एका वर्गात भरते. दोनदा गेलो, फाटकाबाहेर गाडी लावली, वर्गातला दिवा बघितला आणि परत आलो. ज्यांच्या दारात मी हप्ता मागायला जातो, त्यांच्यातलंच कुणी आत असलं तर? बायको म्हणते, सुटलीच आहे तर चारचौघांत सांगायचं कशाला? शिवाय तिथे देवाचं बोलतात म्हणे, मी देवधर्म मानत नाही. – फाटकावरून परतलेला

भाऊ,

२२ दिवस तुम्ही कसे काढले असतील, याची मला थोडी कल्पना आहे. माझा थोरला भाऊ त्यातून गेलाय. त्याला विचारूनच हे लिहितेय.

तोही उपचार घेऊन घरी आला तेव्हा आम्ही सगळे तुमच्या बायकोसारखंच म्हणालो, झालं, सुटली. चार महिने बरे गेले. दिवाळीत पाहुण्यांबरोबर एक पेग झाला आणि भाऊबीजेला तो ओवाळून घ्यायला उठूच शकला नाही. त्यानंतर तो मीटिंगला गेला. घरच्यांनाही बसता येतं अशी खुली मीटिंग होती, म्हणून मी सोबत होते. तिसरीचा वर्ग. बाकांमध्ये गुडघे मावत नव्हते. फळ्यावर सतराचा पाढा तसाच होता. आणि चहा वाटत होते आमच्याच गल्लीतले दुकानदार! दादाचे पाय दारातच थिजले. ते पुढे आले, त्याच्या हातात ग्लास दिला. दादाचा हात इतका कापत होता की चहा हिंदकळला, तर त्यांनी खालून आपला हात लावला. "बरं झालं आलात," एवढंच म्हणाले. पुढे कित्येक वर्षं त्यांच्या दुकानातून आम्ही साखर-तेल आणलं. त्यांनी गल्ल्यावरून कधी त्या वर्गाचा 'व' काढला नाही.

तुमचा कर्जदार आत असलाच, तर तोही तुमच्यासारखाच धडधडत्या छातीने तिथे आलेला असणार. आणि खरं सांगू? तुम्ही प्यायचात हे गावाला ठाऊक नाही, असं फक्त पिणाऱ्यालाच वाटतं. तरीही जीव धजत नसेल तर शेजारच्या तालुक्याची मीटिंग गाठा. पुष्कळजण सुरुवातीला तेच करतात. फोनवर किंवा व्हिडिओवर भरणाऱ्या मीटिंगाही आहेत, पण त्या जोडीला असू द्या. एकाच बाकावर बसण्याची सर त्यांना नाही.

वहिनींना एक गोष्ट सांगा. ए.ए. सुरू झालं १९३५ साली, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात. न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल धंद्यासाठी तिथे गेला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते. सौदा फिसकटला, हॉटेलात एकटा पडला, समोर बार. त्याने फोन फिरवायला सुरुवात केली, बोलायला दुसरा एखादा दारुडा मिळवून द्या म्हणून. भेटला एक सर्जन, तोही पिणारा. दोघं तासन्‌तास बोलले. म्हणजे सुटल्यावरही त्या माणसाला गरज लागली, आणि ती दुसऱ्या पिणाऱ्याचीच. घरचं माणूस कितीही जीव टाको, ती जागा त्याला भरता येत नाही. वहिनींसाठी अल-अ‍ॅनॉन म्हणून घरच्यांच्या वेगळ्या मीटिंगा असतात. त्यांनी जरूर जावं. इतकी वर्षं त्यांनीही कुणाजवळ मन मोकळं केलं नसेल.

आत गेल्यावर बोलायची सक्ती नसते. नुसतं पहिलं नाव सांगितलं तरी चालतं, तेही नको असेल तर "आज ऐकतो" म्हणा. एकजण बोलताना कुणी मध्ये तोंड घालत नाही, उपदेश करत नाही. फी नाही, रजिस्टरात सही नाही. शेवटी झोळी फिरते, त्यात ज्याला वाटेल त्याने टाकावं. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. देवाचं म्हणाल तर प्रार्थना होते, दारू सोडण्यासाठीच्या त्यांच्या बारा पायऱ्यांमध्येही उल्लेख आहे, पण 'आपापल्या समजुतीप्रमाणे' असं त्यांचंच म्हणणं. न मानणारे कितीतरी वर्षानुवर्षं येतात आणि त्या गटालाच आपला आधार मानतात. पहिली मीटिंग रुचली नाही तर लगेच काट मारू नका. पाच-सहा वेळा बसा, जमल्यास दुसरा गट बघा.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. पाय घसरला आणि पुन्हा रोजची सुरू झाली, तर मनाने एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावर बेततं. आधी डॉक्टर गाठा. आणि मीटिंगला तेव्हाही जा. लाजेने तोंड लपवायची वेळ ती नव्हे.

आता या गुरुवारचं बोलू. डॉक्टरांकडून गटाचा नंबर घ्या. नाही मिळाला तर १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन फुकट लागतो, तिथे विचारा. फोनवर सांगा, "मी नवीन आहे, मला आत यायला भीती वाटते, कुणी फाटकाशी थांबेल का?" थांबतात हो, खरंच थांबतात. दहा मिनिटं आधी पोचा, बाकं सरकवायला हात लावा, म्हणजे नुसतं उभं राहावं लागणार नाही. आणि गाडी बाहेर नको, आत मैदानात लावा.

– तुमची ताई