परग्रहावरील जीवांचा शोध आणि घरचा संगणक

प्रश्न : परग्रहावरील बुद्धिमान जीवांच्या शोधासाठी आपला संगणक रिकामा असताना वापरायला देता येतो, असे वाचले. हे काम कसे चालते? आजही त्यात भाग घेता येईल का? आणि काहीच हाती लागले नसेल, तर एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय?

उत्तर : आपण वाचलेला प्रकल्प ‘सेटी ॲट होम’ हा असावा. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी तो मे १९९९ मध्ये सुरू केला आणि पुढे जगभरातील पन्नास लाखांहून अधिक लोक त्यात सहभागी झाले. प्वेर्तो रिकोमधील अरेसिबो दुर्बिणीची ३०५ मीटर व्यासाची बशी इतर संशोधनात गुंतलेली असतानाच, १४२० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरी या प्रकल्पासाठी वेगळ्या नोंदवल्या जात. हायड्रोजनचा अणू याच वारंवारितेच्या लहरी सोडतो, त्यामुळे संदेश पाठवू पाहणारे कोणीही तिचीच निवड करण्याचा संभव अधिक, असा त्यामागचा तर्क होता.

या नोंदींचे सुमारे १०७ सेकंदांचे तुकडे करून ते इंटरनेटवरून घरोघरच्या संगणकांना पाठवले जात. तुकडा एक मेगाबाइटहूनही लहान असे. तरी तो तपासायला त्या काळच्या संगणकाला कित्येक तास लागत. पृथ्वी फिरते आणि समोरचा ग्रहही फिरत असणार, म्हणून संकेताची वारंवारिता हळूहळू सरकत राहते, आणि ती किती वेगाने सरकेल हे आधी माहीत नसल्याने एकच नोंद हजारो शक्यता गृहीत धरून पुन्हा पुन्हा चाळावी लागते. शिवाय दुर्बीण स्थिर असताना आकाशातील स्रोत तिच्या टप्प्यातून सुमारे १२ सेकंदांत सरकून जातो. म्हणजे खरा संकेत क्रमाने चढून तसाच उतरला पाहिजे, तर पृथ्वीवरचा गोंगाट सहसा असे वागत नाही. खऱ्याखोट्याची ही पारख मला या साऱ्या प्रकल्पातील सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

नवे तुकडे पाठवणे मार्च २०२० च्या अखेरीस थांबले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अरेसिबोची दुर्बीणही कोसळली. त्यामुळे या कामात आता भाग घेता येणार नाही. मात्र जमलेल्या अब्जावधी नोंदींतून निवडलेले मोजके संकेत चीनमधील ‘फास्ट’ दुर्बिणीने पुन्हा तपासण्याचे काम हाती घेतले गेले. परग्रहावरून आलेला म्हणता येईल असा एकही संकेत सिद्ध झालेला नाही, हे खरे. पण एवढे आकाश, या वारंवारितेवर, इतक्या बारकाईने तपासले गेले हे आता ठाऊक आहे आणि पुढच्या शोधाला त्याचा आधार आहे. त्याला वाया गेलेले श्रम म्हणणे मला पटत नाही.

आपली इच्छा कायम असेल, तर घरच्या संगणकाला अशी कामे पुरवणारे ‘बॉइंक’ हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन ‘आइन्स्टाइन ॲट होम’ या दुसऱ्या प्रकल्पाला मदत करता येईल. अरेसिबोच्याच नोंदींतून एक नवा स्पंदक तारा (वेगाने फिरत ठरावीक लयीत रेडिओ लहरींचे ठोके पाठवणारा तारा) स्वयंसेवकांच्या संगणकांनी शोधल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले, ते याच प्रकल्पात. सतत आकडेमोड करणारा संगणक तापतो आणि वीजही जास्त घेतो. म्हणून प्रोसेसरचा किती भाग द्यायचा, याची मर्यादा आधीच घालून घ्यावी, आणि संगणक कचेरीचा असेल तर परवानगीशिवाय हे सॉफ्टवेअर त्यावर बसवू नये.